आग्रा रोडवरचा सुपरमॅन

१९७८ च्या डिसेंबरात रिचर्ड डॉनरचा 'सुपरमॅन' झळकला, तेव्हा अमेरिकेचं मन ठिकाणावर नव्हतं. व्हिएतनाममधून फौजा हात हलवत परतल्या होत्या आणि वॉटरगेटपायी राष्ट्राध्यक्षाला खुर्ची सोडावी लागली होती. चित्रपटात लोइस लेनच्या गच्चीवर ख्रिस्तोफर रीव्हचा सुपरमॅन सांगतो, की मी सत्य, न्याय आणि अमेरिकन जीवनपद्धतीसाठी लढायला आलोय. लोइसला हसू फुटतं. मग तर तुला या देशातल्या झाडून सगळ्या लोकप्रतिनिधींशी लढावं लागेल, असं ती सुनावते. तो मात्र जराही ओशाळत नाही. पत्रकार बाईने देशाच्या वतीने टोमणा मारावा आणि परग्रहावरून आलेल्या पाहुण्याने त्या देशावर विश्वास ठेवावा, ही गंमत चित्रपटाने नेमकी पकडली होती.

मुळात हा नायक परग्रहवासीच. १९३८ मध्ये त्याला वाचकांसमोर आणणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोघे ज्यू स्थलांतरितांच्या घरातले. त्यांचा नायक उद्ध्वस्त मुलखातून आलेला, नाव बदलून राहणारा, शहरात नोकरी धरणारा. बाहेरून आलेला माणूस आपल्यात मिसळतो आणि आपल्यालाच तारतो, हा अमेरिकेचा स्वतःविषयीचा लाडका समज. चित्रपटाचा सारा आशावाद त्यावर उभा आहे.

ही गोष्ट आग्रा रोडवरच्या, यंत्रमागांच्या भिवंडीला परकी वाटायचं कारण नाही. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेतले मोमीन विणकर आग्रा रोडने खाली उतरले. काही मालेगावात थांबले, काही भिवंडीत. तेलंगणातून पद्मशाली आले, मागाहून उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आले. हातमागाचे यंत्रमाग झाले. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, भिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, दोन वेळचं जेवण आणि मागांच्या खटखटाटात हाताच्या खुणांनी चालणारं बोलणं, असं आयुष्य इथे पिढ्यान् पिढ्या चाललं. पाळी सुटल्यावरचा मोठा विरंगुळा म्हणजे सिनेमा, आणि ऐंशीच्या दशकापासून व्हिडिओ पार्लर.

पण या गावाचा स्वतःवरचा विश्वास दोनदा मोडून पडला, १९७० मध्ये आणि १९८४ मध्ये. हिंदू-मुस्लिम दंगलींनी शेजार तोडला. तो सांधायला कुणी आकाशातून आलं नाही. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं पोलिसांसोबत एका सतरंजीवर बसू लागली आणि नळावरच्या भांडणापासूनचे तंटे तिथे मिटू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

सुपरमॅन आग्रा रोडवर खऱ्या अर्थाने उतरला तो मालेगावात. 'मालेगाव के शोले' काढणाऱ्या नासिर शेख यांनी त्याला यंत्रमागांच्या गल्लीत आणला. नायक शफीक शेख हा मागावरचा कामगार, अंगाने काडीपहिलवान. मागे हिरवं कापड ताणायचं आणि संगणकावर त्याला उडवायचं, अशी सगळी जुगाडू करामत. खलनायक तंबाखू-गुटख्याच्या जोरावर गावाला वेठीस धरणारा. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटाने ही धडपड जगाला दाखवली. काही वर्षांतच शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेला. डॉनरचा सुपरमॅन लोइससाठी काळ मागे फिरवतो. मालेगावच्या सुपरमॅनला ती सोय नव्हती. तरी सिनेमा पुरा झाला, आणि माझ्या मते मूळ चित्रपटापेक्षा जास्त आशा या धडपडीत आहे.

२०१३ मध्ये अॅमेझॉनने भारतातलं पहिलं कोठार भिवंडीत उघडलं. मानकोली, पूर्णा, काल्हेरच्या बाजूला गोदामांची रांग वाढत गेली आणि माग एकेक करून भंगारात निघू लागले. अमेरिकेचा आशावाद आता सिनेमाऐवजी खोक्यांतून येऊ लागला. हवं ते मिळेल, लगेच मिळेल, एवढंच त्याचं म्हणणं.

मग आला मे २०२०. टाळेबंदीत माग थांबले, भिस्स्या बंद पडल्या. बाहेरून आलेली माणसं पायी, टेम्पोत, ट्रकच्या टपावर त्याच आग्रा रोडने कसाऱ्याचा घाट चढू लागली. महिन्याच्या सुरुवातीलाच भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक रेल्वे सुटली. ज्यांनी वर्षानुवर्षं इथे कापड विणलं, त्यांना महिना-दोन महिने धरून ठेवेल असं काहीच या गावाजवळ नव्हतं.

तेव्हापासून डॉनरच्या चित्रपटातला एक प्रसंग मला जास्त मोलाचा वाटतो. कॅन्ससच्या रस्त्याकडेला केंट दांपत्याला ते पोर सापडतं. जोनाथन टायर बदलायला लागतो, जॅक घसरतो आणि ते चिमुरडं गाडी उचलून धरतं. पण त्याआधीच मार्थाने त्याला घरी न्यायचं मनात घेतलेलं असतं. ते किती वजन उचलेल, हे तिला ठाऊक नसतं. भिवंडीत, आणि एकूण महाराष्ट्रातही, क्रम उलटा आहे. आधी गाडी उचलून दाखवायची, मग आपलं म्हणायचं की नाही ते बघू.

२०२५ मध्ये योगायोग जुळून आला. फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला, जुलैत जेम्स गन यांचा नवा 'सुपरमॅन'. सुपरमॅन हा स्थलांतरित आहे असं गन यांनी म्हटलं आणि अमेरिकेत त्यावरून वाद पेटला. १९७८ मध्ये लोइस हसली होती ती पुढाऱ्यांवर. पाहुण्याला घरात घ्यावं की नाही, हा प्रश्नच तिच्या डोक्यात नव्हता. आज तिथे तोच प्रश्न आहे. अमेरिकेला नावं ठेवायला आपल्याला तोंड नाही. मोहल्ला कमिटीत तंट्यासाठी शेजारी बसले, तसं भाड्याच्या खोलीसाठी, रेशनकार्डासाठी, आजारपणातल्या सुट्टीसाठीही कुणी बसलं, तर भिवंडीचा आशावाद सिनेमावर अवलंबून राहायचं कारण उरणार नाही.