बाबूजींची पद्मिनी आणि महामार्गाचा हिशेब

गोरेगावात आमच्या धान्याच्या दुकानामागे, पोत्यांच्या गोदामाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबूजींची पद्मिनी उभी असते. बाजाराच्या रस्त्यावर आणि गोंदियाच्या फेऱ्यांत तिने कधी तक्रार केली नाही. परंतु आईला रामटेकच्या शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनास नेण्याचे ठरले आणि कोहमाऱ्याहून राष्ट्रीय महामार्गाला लागताच चित्र पालटले. काटा 80 वर गेला की इंजिनाचा आवाज एवढा वाढे की मागच्या आसनावरील आईचे बोलणे पुढे ऐकू येईना. परतल्यावर ती एवढेच म्हणाली, "पुढच्या वेळी बसने जाऊ."

हे शब्द बाबूजींना लागले. पुतण्याने तत्काळ उपाय सुचविला: नव्या गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवावा. बाबूजींनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. जुनी वही पुढे सरकवून म्हणाले, "काय जमा होईल आणि काय नावे पडेल, ते आधी लिहून दाखव."

या गाडीविषयी आमच्या घरी जिव्हाळा असण्यास आणखी एक कारण आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात 1882 मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारान्वये फियाट 1100 तयार होऊ लागली, आणि हीच गाडी 1970 च्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये सेवेतून निवृत्त झाली. 1,089 सीसीचे इंजिन, चार गिअर आणि स्टिअरिंगखालचा गिअरदांडा, ही तिची ओळख. ज्या काळात ती घडली, त्या काळी तासन्‌तास 80 च्या वेगाने धावावे असे रस्तेच आपल्याकडे विरळा होते. भरलेली गाडी चढावर ओढून नेणे, हे तिचे मुख्य काम.

आता हिशेब पाहू. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट यांचे फेरे सारखेच असतात. पुढे मागच्या हाऊझिंगमधील क्राउन-पिनियनची जोडी ते फेरे कमी करून चाकाला देते. समजा, पिनियनला 10 आणि क्राउनला 43 दाते आहेत. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे 4.3 फेरे. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी 1.85 मीटर पुढे जाते असे धरले, तर 80 च्या वेगाला इंजिन मिनिटास सुमारे 3,100 फेरे घेते. पिनियनला 10 ऐवजी 11 दाते असतील, तर त्याच वेगाला फेरे 2,800 वर येतात. 100 किलोमीटरच्या प्रवासात इंजिनाचे सुमारे 21,000 फेरे वाचतात. ही जमेची बाजू: आवाज कमी, झीज कमी, आणि सपाट रस्त्यावर थोडी इंधनबचतही.

नावेची बाजूही तितकीच खरी. चाकावरील ओढ प्रत्येक गिअरमध्ये अकराव्या हिश्शाने घटते. पाच माणसे आणि सामान घेऊन चढावर गाडी उभी राहिली, तर पुन्हा हलविताना क्लचवर अधिक ताण पडतो. उड्डाणपुलाच्या चढावर तिसरा गिअर लवकर घ्यावा लागतो. शिवाय पद्मिनीत वेगदर्शकाची तार गिअरबॉक्समधून येते. त्यामुळे नव्या जोडीनंतर काटा 80 दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात 88 च्या वेगात असेल.

पाच गिअरच्या गिअरबॉक्सचा हिशेब निराळा. त्यात खालच्या गिअरची ओढ बव्हंशी राखता येते आणि पाचवा गिअर केवळ मोकळ्या रस्त्यासाठी उरतो. मात्र त्यासाठी गिअरबॉक्सचा आधार, प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि गिअरदांड्याची जागा बदलावी लागते. गाडीच्या तळाला छेद द्यावा लागतो. छेद दिलेला पत्रा पूर्ववत होत नाही.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा फेरफार करता येत नाही. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते, पण ती मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीस लेखी कळवावे, हे उत्तम.

आमच्या मिस्त्रींनी मात्र आधी वेगळेच काम काढले. इंजिनाखालची कडक झालेली रबरे, प्रोपेलर शाफ्टचा झिजलेला सांधा आणि सायलेन्सरची गळती दुरुस्त होताच निम्मा आवाज नाहीसा झाला. "आजारपणाला स्वभाव समजू नका," असे ते हसून म्हणाले. उरलेल्या आवाजासाठी बाबूजींनी क्राउन-पिनियनची जोडी बदलण्यास संमती दिली, ती दोन अटींवर. मूळ जोडी तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठीसह पेटीत ठेवायची. आणि वाचलेले फेरे वेगात खर्च करायचे नाहीत. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी इंजिन शांत झाले म्हणून लवकर थांबत नाही.

या कार्तिकात आई पुन्हा मागच्या आसनावर बसली. साकोलीपर्यंत तिचे स्तवन आम्हाला स्पष्ट ऐकू येत होते. परतताना मुरदोलीच्या जंगलात दिवस मावळला. नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधली ही वन्यजीवांची वाट. बाबूजींनी तिसरा गिअर घेतला, वेग 40 च्या आत आणला. चितळांचा कळप रस्ता ओलांडून जाईपर्यंत आम्ही थांबून राहिलो.

घरी आल्यावर बाबूजींनी वही उघडली आणि जमेच्या रकान्यात एक ओळ वाढविली: "आई पुढच्या वर्षीही येणार."