द्वेषाच्या वाटेवरून परतलेला माणूस
माजिद नवाझ आणि 'क्विलियम' संस्थेचा जमाखर्च

पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला केवळ कातडीच्या रंगावरून भररस्त्यात शिव्या बसत असतील, गुंड पाठलाग करीत असतील आणि पोलीसही त्याच्याकडेच संशयाने पाहत असतील, तर ते पोर कोणाकडे जाईल? जो कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "तू आमचा आहेस" असे म्हणेल, त्याच्याकडे! हात ठेवणारा भला असला तर पोराचे भले होते; दुसराच हेतू धरून आलेला असला तर पोर हातचे जाते. इंग्लंडमधील माजिद नवाझ यांची वाटचाल येथूनच सुरू झाली. कट्टर संघटनेचा प्रचारक, परक्या देशातील कैदी आणि नंतर कट्टरतेविरुद्ध काम करणाऱ्या अभ्याससंस्थेचा प्रमुख, अशी तीन आयुष्ये या एका माणसाने पाहिली. मुले वाढविणाऱ्या प्रत्येक आईबापाने ती समजून घेण्यासारखी आहेत.

अपमानातून संघटनेकडे

नवाझ यांचा जन्म १९७७ साली एसेक्स परगण्यातील साउथएन्ड या समुद्रकाठच्या शहरात, पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये डोकी भादरलेल्या गोऱ्या वंशवादी टोळ्यांचा उपद्रव होता. या टोळ्यांनी आपला व मित्रांचा शस्त्रे घेऊन पाठलाग केल्याचे नवाझ यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'रॅडिकल' या आत्मचरित्रात लिहिले आहे. त्यांनी सांगितलेल्या काही प्रसंगांविषयी जुन्या ओळखीच्या लोकांनी पुढे शंकाही घेतल्या. परंतु त्या काळचा वंशद्वेष खोटा नव्हता, हे कोणीही नाकारणार नाही.

त्याच सुमारास बोस्नियात मुसलमानांच्या कत्तली चालू होत्या. त्यांच्या चित्रफिती इंग्लंडमधील तरुणांना दाखविल्या जात. दुःख खरे होते, पण ते दाखविणाऱ्यांचा हेतू वेगळा होता. सोळाव्या वर्षी नवाझ 'हिज्ब-उत-तहरीर' या संघटनेत दाखल झाले. १९५३ साली जेरुसलेममध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे ध्येय एकच, सर्व मुस्लिम देशांवर एका खलिफाचे राज्य आणणे. आपण स्वतः हिंसा करीत नाही, असे ती सांगत असे. मात्र पुढे जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने दहशतवादविरोधी कायद्याखाली तिच्यावर बंदी घातली.

नवाझ बोलण्यात तरबेज. लंडन विद्यापीठात कायदा आणि अरबी भाषा शिकता शिकता ते संघटनेचे पुढारी झाले. तिचा प्रचार करण्यासाठी ते पाकिस्तान आणि डेन्मार्क येथेही गेले. म्हणजे हा तरुण अडाणी नव्हता, की उपाशीपोटीही नव्हता. शिकलेला मुलगा अशा नादी लागत नाही, ही समजूत किती फोल आहे, ते येथे दिसते.

तुरुंग हीच शाळा

२००१ साली ते अरबीच्या पुढील अभ्यासासाठी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरी गेले. तेथे या संघटनेवर बंदी होती. एप्रिल २००२ मध्ये त्यांना अटक झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून कैरोच्या सुरक्षा खात्याच्या कोठडीत नेण्यात आले आणि शेजारी इतर कैद्यांचा छळ होताना ऐकावे लागले, असे ते सांगतात. पाच वर्षांची शिक्षा झाली. २००६ साली ते सुटले.

या कैदेत दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे, मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या 'अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल' संस्थेने त्यांना 'विचारांसाठी तुरुंगात डांबलेला कैदी' मानून त्यांच्या सुटकेची मागणी केली. ज्या लोकशाही विचाराला ते शत्रू समजत होते, त्याच विचाराची माणसे त्यांच्यासाठी लढली! आपल्याला कोणी पुन्हा माणूस म्हणून वागविले आणि त्यामुळे मनाची गाठ सैल झाली, असे ते नंतर अनेकदा सांगत आले. दुसरी गोष्ट म्हणजे तुरुंगातील सोबत. १९८१ साली इजिप्तचे अध्यक्ष सादात यांची हत्या झाली होती. त्या कटातील जुने कैदी तेथे होते. अनेक वर्षांच्या विचाराअंती त्यांच्यापैकी काहींनी हिंसेचा मार्ग चुकीचा ठरविला होता. सरकारविरोधी उदारमतवादी कैदीही होते. व्यासपीठावर एकतर्फी बोलणाऱ्या तरुणाला प्रथमच दुसऱ्याचे शांतपणे ऐकावे लागले.

इंग्लंडला परतल्यावर २००७ साली त्यांनी संघटना जाहीरपणे सोडली. जुने मित्र तुटले, संसारही मोडला. वाट बदलण्याची किंमत माणसाला अशी रोख मोजावी लागते.

संस्था उभी राहिली

२००८ साली त्यांनी एड हुसेन यांच्यासह लंडनमध्ये 'क्विलियम' ही संस्था काढली. हुसेन हेही पूर्वी त्याच संघटनेत होते. संस्थेला नाव दिले ते लिव्हरपूलचे वकील अब्दुल्ला क्विलियम यांचे. त्यांनी इस्लाम स्वीकारून १८८९ साली लिव्हरपुलात मशीद सुरू केली होती. धर्म वेगळा आणि धर्माच्या नावाने सत्ता बळकावण्याचे राजकारण वेगळे, हे लोकांना पटवून देणे, हे संस्थेचे मुख्य काम. त्यासाठी अहवाल, व्याख्याने, दूरदर्शनवरील वादविवाद हे सारे झाले. त्याच वर्षी नवाझ यांनी अमेरिकेच्या सिनेट समितीपुढे साक्षही दिली.

आता जमाखर्चाकडे वळू. सुरुवातीची मोठी रक्कम ब्रिटिश सरकारकडून आली. त्यामुळे अनेक ब्रिटिश मुसलमानांनी विचारले, "तुम्ही आमच्या वतीने बोलता की सरकारच्या?" २०१० साली संस्थेने सरकारी अधिकाऱ्याला पाठविलेले एक टिपण बाहेर फुटले. त्यात मुस्लिम संस्थांची नावे देऊन त्यांची विचारसरणी अतिरेक्यांच्या विचारसरणीशी मिळतीजुळती असल्याचे म्हटले होते. यावरून मोठे काहूर उठले. ज्या समाजात काम करायचे, त्याचाच विश्वास गमावला, तर तिजोरी भरलेली असून काय उपयोग?

२०१३ साली मुस्लिमविरोधी 'इंग्लिश डिफेन्स लीग'चे पुढारी टॉमी रॉबिन्सन यांनी क्विलियमच्या व्यासपीठावरून संघटना सोडत असल्याचे जाहीर केले. पण रॉबिन्सन पुढे पुन्हा मुस्लिमविरोधी राजकारणातच परतले. झेंडा खाली ठेवला म्हणजे मनातला द्वेष गेला, असे होत नाही.

२०१५ साली नवाझ लिबरल डेमोक्रॅट पक्षातर्फे लंडनमधील हॅम्पस्टेड-किलबर्न मतदारसंघात उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले.

शिक्का आणि माफी

२०१६ साली अमेरिकेतील 'सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर' या संस्थेने 'मुस्लिमविरोधी अतिरेकी' अशी एक यादी काढली आणि तीत नवाझ यांचेही नाव घातले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी, कु क्लक्स क्लॅनसारख्या वंशवादी टोळीशी कोर्टात झुंजलेली ही संस्था. नवाझ यांनी हा आरोप निमूटपणे सहन केला नाही. अखेर जून २०१८ मध्ये संस्थेने जाहीर माफी मागितली आणि नवाझ व क्विलियम यांना ३३ लाख ७५ हजार डॉलर दिले. चांगल्या कामाची परंपरा असली, तरी तपासल्याशिवाय कोणावर शिक्का मारण्याचा परवाना मिळत नाही!

शेवटची बाकी

एवढी रक्कम मिळूनही एप्रिल २०२१ मध्ये क्विलियम बंद पडली. कोरोनाच्या टाळेबंदीत अशी संस्था चालविणे अवघड झाल्याचे नवाझ यांनी सांगितले. या काळात ते स्वतःही टीकेचे धनी झाले. अमेरिकेतील २०२० च्या निवडणुकीत लबाडी झाल्याचे, कोर्टात न टिकलेले दावे त्यांनी उचलून धरले. कोरोनाच्या निर्बंधांविषयी व लसीकरणाविषयी ते टोकाचे बोलू लागल्याचा आरोप झाला. जानेवारी २०२२ मध्ये लंडनच्या 'एलबीसी' नभोवाणीवरील त्यांचा कार्यक्रम संपला. कटकारस्थानांच्या कथांनी तरुण कसे भुलतात, हे जगाला समजावणाऱ्या माणसावरच तशा कथांना बळी पडल्याची टीका व्हावी, हा या खात्यातील सर्वांत बोचरा खर्च होय.

म्हणून त्यांचे आधीचे काम शून्य झाले काय? नाही. जमेची बाजू जमेला आणि खर्चाची खर्चाला लिहावी. त्यांनी स्वतः भोगून दाखविलेली गोष्ट पक्की आहे. अपमानित पोराचे दुःख खरे असते, म्हणूनच ते कोणालाही विकत घेता येते. त्याला नुसते दटावून भागत नाही. त्याच्या जवळ बसा, त्याला कोण काय सांगते ते विचारा, त्याचे गाऱ्हाणे पुरते ऐका. आणि दुसरी गोष्ट, एकदा भानावर आलेला माणूस कायमचा जागा राहतो, असे नाही. ऐकलेली गोष्ट पुराव्यावर घासून पाहण्याची सवय रोजच्या रोज ठेवावी लागते. पोरांनीही, आईबापांनीही आणि व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांनीही!