पोंतेदेराची व्हेस्पा, वर्ध्याचं घराणं

२९ नोव्हेंबर १९४५ रोजी ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाची कंपनी नोंदली गेली. बच्छराज हे वर्ध्याचे शेठ. जमनालाल बजाज यांना त्यांनी नातू म्हणून दत्तक घेतलं होतं. जमनालाल १९४२ मध्ये वर्ध्यातच वारले आणि त्यांच्यानंतर व्यवसायाची धुरा मुलाकडे, कमलनयन यांच्याकडे आली. १९४८ पासून ही कंपनी परदेशी दुचाकी-तिचाकी वाहनं आणून विकू लागली. पुढे तिचंच ‘बजाज ऑटो’ झालं. मगनवाडीत ग्रामोद्योग उभे राहावेत म्हणून ज्या घराने आपली जागा दिली, त्याच घराच्या पेढीमुळे इटलीची व्हेस्पा स्कूटर आपल्याकडे घरोघरी पोचली. वर्धेकरांना बजाजवाडी ठाऊक असते, बजाज चौक रोजच्या वाटेवरचा असतो, पण ही साखळी सहसा कुणी सांगत नाही.

ती सांगायला हवी, कारण गेल्या काही वर्षांत जुन्या स्कूटरचा बाजार तापला आहे. ‘ओरिजिनल इटालियन व्हेस्पा’, ‘रेसिंग मॉडेल’ असं म्हणून दुप्पट-तिप्पट भाव सांगितला जातो. घेणारा तरुण रंग बघून भुलतो. दावा खरा की खोटा हे तपासायचं असेल तर हा सारा इतिहास हाताशी लागतो.

व्हेस्पाचं पेटंट २३ एप्रिल १९४६ चं. ती बनवणारी पियाजिओ कंपनी युद्धाआधी विमानं बनवायची आणि इटलीतल्या पोंतेदेराचा तिचा कारखाना बाँबफेकीत उद्ध्वस्त झाला होता. व्हेस्पाची रचना करणारा कोरादिनो दास्कानिओ हा विमानांचा अभियंता, म्हणून त्याने पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्याने वेगळी चेसिस ठेवलीच नाही. दाबून आकार दिलेल्या पत्र्याची बॉडी हीच चेसिस. मोटरसायकलची टाकी बदलली, सीट बदलली, तरी फ्रेम तीच राहते. व्हेस्पाचा पत्रा कापून दुसरा जोडला की तिची ओळखच कापली जाते. अस्सलपणाचे सगळे वाद इथून सुरू होतात.

ही स्कूटर शर्यतीतही उतरली. फेब्रुवारी १९५१ मध्ये दीनो माझोन्चिनीने रोमजवळच्या रस्त्यावर खास बांधणीच्या व्हेस्पावर ताशी १७१ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लांब्रेटा या प्रतिस्पर्धी इटालियन स्कूटरवर रोमोलो फेर्रीने ताशी २०० चा आकडा ओलांडला. वारेझेच्या सहा दिवसांच्या स्पर्धेत पियाजिओच्या चमूने ९ सुवर्णपदकं मिळवली. अशी शर्यतीची यंत्रं मोजकीच बनतात, मागणी मात्र जगभर असते, म्हणून नकलाही त्यांच्याच जास्त. डुकाटीच्या १९७४ च्या ७५० सुपर स्पोर्ट मोटरसायकलचं उदाहरण घ्या. पॉल स्मार्टने १९७२ मध्ये इमोलाची शर्यत जिंकली, त्या यशावर बेतलेली ही गाडी जेमतेम ४०० च्या आसपास बनली. साध्या ७५० स्पोर्टला समुद्री हिरवी फ्रेम देऊन तिच्या किती प्रतिकृती उभ्या राहिल्या असतील! व्हेस्पाच्या ९० सुपर स्प्रिंटचंही तसंच. १९६५ ते १९७१ या काळात ती सुमारे ५,३०० बनली आणि साध्या ९० सीसी व्हेस्पावर तिचा बनाव करणं अवघड नाही. बजाजने हे मॉडेल कधी बनवलंच नाही. त्यामुळे इथे कुणी ते दाखवलं तर पहिल्यांदा आयातीचे कागद मागावेत. ते नसतील तर बोलणं तिथेच थांबवावं.

आपल्याकडची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९५९ मध्ये बजाजला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पियाजिओच्या सहकार्याने भारतातच व्हेस्पा तयार होऊ लागली. कमलनयन तेव्हा वर्ध्याचे खासदार होते. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका त्यांनी इथून जिंकल्या. परवान्याखाली बनलेल्या त्या गाड्यांवर ‘व्हेस्पा’ हेच नाव असे. १९७१ मध्ये करार संपला, सरकारने तो वाढवू दिला नाही आणि १९७२ मध्ये बजाजची ‘चेतक’ आली. म्हणजे १९६५ ची, व्हेस्पाचं नाव असलेली आणि भारतात नोंदलेली गाडी इटलीत बनलेली असण्यापेक्षा इथे बनलेली असण्याचीच शक्यता फार मोठी. पुढे १९८० च्या दशकात कानपूरच्या एलएमएलने व्हेस्पा बनवली, २०१२ पासून बारामतीत पियाजिओने स्वतः. नुसतं नाव पाहून इटली सिद्ध होत नाही.

त्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे वापरलेली गाडीही नवीपेक्षा महाग विकली जाई. अशी मिळालेली गाडी कुणी भंगारात घालणार नाही. हिंगणघाट असो, आर्वी असो की पुलगाव, मिस्त्री मिळेल तो पार्ट बसवून ती चालती ठेवत. कार्ब्युरेटर बदलला, हँडल बदललं, चेतकचं इंजिन जुन्या बॉडीत गेलं. ही फसवणूक नव्हती, ती गरज होती. पण तीच गाडी आज ‘जशीच्या तशी’ म्हणून विकली जाते तेव्हा ती फसवणूक होते.

मग बघायचं काय? सगळ्यात आधी नंबर. इटलीतल्या व्हेस्पाच्या बॉडीवर मॉडेलची अक्षरं आणि शेवटी ‘टी’ ठोकलेली असते, इंजिनावर तीच अक्षरं आणि शेवटी ‘एम’. १९६० च्या दशकातल्या १५० सीसी गाडीवर व्हीबीबी१टी आणि व्हीबीबी१एम अशी जोडी दिसेल. इटलीच्याच बाजारासाठी बनलेल्या गाडीवर शेजारी आयजीएम, नंतरच्या काळात डीजीएम, हा तिथल्या मान्यतेचा शिक्काही असतो. कारखान्यातल्या ठोक्याची खोली एकसारखी असते. एखादा आकडा तिरका, एखादा उथळ, भोवती ग्राइंडरच्या रेषा, किंवा नंबराची पट्टी कापून मागून वेल्डिंग केलेली दिसली तर गाडी सोडावी. पत्र्याच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं की वेल्डिंगची कड हाताला लागते.

दुसरं, पत्रा. लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. फुटबोर्डच्या खालून आणि मधल्या कण्यावर जोड दिसतो का बघा. व्हिएतनाममध्ये दोन-तीन मोडक्या गाड्या जोडून, वर झकास रंग मारून त्या युरोप-अमेरिकेत विकल्याचा प्रकार तिथल्या शौकिनांना चांगलाच परिचयाचा आहे. भांडुपच्या एपीआयच्या आणि लखनौच्या स्कूटर्स इंडियाच्या लांब्रेटांचीही पाहणी अशीच करावी लागते. लखनौला तर मूळ लांब्रेटा बनवणाऱ्या मिलानच्या इनोचेंती कारखान्याची यंत्रसामग्रीच आली होती, त्यामुळे फरक बारीक आहे. वर्ध्याच्या कोरड्या हवेत पत्रा कोकणापेक्षा बरा टिकतो. इथल्या गाडीला अंगभर पुट्टी असेल तर त्याचं कारण विक्रेत्याला विचारलंच पाहिजे.

सुट्या भागांना मात्र मी कमी महत्त्व देतो. कार्ब्युरेटरवर ‘डेलॉर्टो’ऐवजी ‘स्पॅको’ असेल तर तो भारतात बनलेला आहे एवढंच कळतं. तो बदललेला असू शकतो. चाकं मोजायला सोपी असतात: १५० सीसी व्हीबीबीला ८ इंची, चेतकला १० इंची. पण तीही बदलता येतात. बॉडीचा नंबर आणि कागद यांच्यापुढे बाकी सगळं दुय्यम.

कागद म्हणजे आरसी बुक. त्यातलं उत्पादकाचं नाव, वर्ष आणि हस्तांतरणाच्या नोंदी एकेक वाचाव्यात. १९८९ पूर्वीच्या महाराष्ट्रातल्या गाडीला तीन अक्षरांचा जुना नंबर असतो. १९६२ ची म्हणवली जाणारी गाडी एमएच ३२ नंबरने उभी असेल तर ती मधे कुठून आली, पुन्हा का नोंदली गेली, हे आरटीओच्या नोंदीतून समजून घ्यावं. जुलै २०२१ च्या नियमांनी तर या तपासाला कायद्याचं बळ दिलं. ५० वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपातलं आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेलं वाहनच ‘विंटेज’ म्हणून नोंदता येतं. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क आहे आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. जोडलेली बॉडी या कसोटीत नापास होते.

माझं मत स्पष्ट आहे. बजाजने बनवलेली १९६० च्या दशकातली व्हेस्पा ही स्वतःच अस्सल वस्तू आहे. तिचा नंबर घासून, तिच्यावर इटलीची अक्षरं ठोकून जो तिला महाग करू बघतो तो एक खोटी गाडी तयार करतो आणि एक खरी कायमची नष्ट करतो. दरवेळी असं झालं की या देशाच्या उद्योगाच्या इतिहासातला एक पुरावा जातो, आणि त्या इतिहासात वर्ध्याचा मोठा वाटा आहे.

तुमच्या घरी जुनी व्हेस्पा, लांब्रेटा किंवा चेतक उभी असेल तर दोन गोष्टी करा. आरसी बुक, खरेदीची पावती, विम्याचे जुने कागद एका जागी जपून ठेवा. आणि रंगकामाला गाडी देताना मिस्त्रीला सांगा, नंबराच्या जागेवर ग्राइंडर लावायचा नाही.