कॅमचा उंचवटा आणि एंजिनाचे आयुष्य

१८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि तिच्याबरोबर ‘टॅपेट’ हा शब्द या गावात आला. साध्या विणीच्या यंत्रमागात धोट्यास वाट देण्यासाठी ताण्याचे धागे आळीपाळीने वर-खाली करावे लागतात. ते काम खालच्या आसावर बसविलेल्या अंडाकृती तबकड्या करतात. या तबकड्यांस विणकर टॅपेट म्हणतात. मुख्य क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा हा खालचा आस एकदाच फिरतो. चार धावांच्या मोटारसायकल-एंजिनातही क्रँकच्या दोन फेऱ्यांस कॅमशाफ्टचा एक फेरा, हेच प्रमाण असते. म्हणजे मागावर ज्यास टॅपेट म्हणतात तोच वस्तुतः कॅम होय. एंजिनात मात्र त्याच शब्दाचा अर्थ सरकला. तेथे कॅम ज्यास ढकलतो तो भाग टॅपेट ठरला. गॅरेजमधील कारागीर ‘टॅपेट सेट करणे’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तोही भाग नसतो, तर झडप आणि तिला ढकलणारा दुवा यांमधील केसाएवढी फट असते. एकाच शब्दाचा हा त्रिविध प्रवास भाषाभ्यासकास मनोरंजक वाटेल. परंतु त्यातील तिसरा अर्थ नीट न समजल्याने एंजिने निकामी होतात, हे पुढे दिसेल.

कॅमचे सोलापूरशी नाते जुन्या मागांपुरते मर्यादित नाही. १९९२ साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या येथील कंपनीने मोटारींच्या एंजिनांसाठी ओतीव लोखंडाचे कॅमशाफ्ट तयार करून देशाबाहेरही बाजारपेठ मिळविली. या ओतकामातील युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. वाळूच्या साच्यात कॅमचे उंचवटे येतील तेथे धातूचे तुकडे बसवितात. त्यांना टेकलेला रस झपाट्याने थिजतो, त्यातील कार्बनास ग्राफाइटचे रूप घेण्यास अवधी मिळत नाही आणि कठीण कार्बाइडचे कवच तयार होते. आतील गाभा सावकाश निवतो व तुलनेने मऊ राहतो. कॅमचा टिकाऊपणा या काही मिलिमीटर जाडीच्या कवचावर अवलंबून असतो.

आता शक्तीचा प्रश्न. दट्ट्या अगदी वर असताना आत घेणारी झडप उघडावी आणि तो तळाशी पोहोचताच मिटावी, असे प्रथमदर्शनी वाटते. पण हवेलाही जडत्व असते. वेगाने आत शिरणारा हवेचा लोट दट्ट्या परतू लागला तरी काही काळ येतच राहतो. म्हणून झडप थोडी आधी उघडतात व बरीच उशिरा मिटवितात. कॅमची रुंदी वाढविली की हा काळ आणखी लांबतो, आणि चढ्या फेऱ्यांत एंजिन अधिक भरते. मंद फेऱ्यांत मात्र लोटास तेवढा जोर नसतो. आत आलेला वायू उघड्या झडपेतून परत ढकलला जातो. सात रस्त्यावरच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे जाणारी गाडी असा कॅम बसविल्यावर अडखळू लागते, ती यामुळे. शक्ती वाढली म्हणण्यापेक्षा ती वरच्या फेऱ्यांकडे सरकली म्हणणे अधिक यथार्थ होईल.

आणि वरचे फेरे फुकट मिळत नाहीत. झडपेवरील जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटास ५,५०० फेऱ्यांऐवजी ६,५०० फेरे झाले की तो सुमारे ४० टक्क्यांनी चढतो. त्यातच उघडण्याचा काळ तोच ठेवून झडपेची उचल ८ मिलिमीटरवरून ९ केली, तर मूळच्या दीडपटीहून अधिक होतो. जुनी स्प्रिंग झडपेस कॅमच्या पाठीवर टेकवून ठेवू शकत नाही, झडप हवेत तरंगते आणि परत येताना आपल्या बैठकीवर आदळते. मराठीत झडप घालणे म्हणजे तुटून पडणे. एंजिनातील झडपेने नेमके तेच करावयाचे नसते. यावर अतिशय कडक स्प्रिंग घालणे हा उतावळ्यांचा उपाय होय. त्याने कॅम व टॅपेट यांमधील दाब वाढून ते कठीण कवच सोलले जाते. तरंगणे थांबेल इतकीच कडक, आणि पूर्ण उचलीत वेटोळी एकमेकांस न भिडणारी स्प्रिंग हवी.

जुन्या ओतीव लोखंडाच्या सिलिंडरच्या ३४६ घनसेंटिमीटर बुलेटचे उदाहरण घ्यावे. तिच्या दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. ५,६०० फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग सेकंदास १६.८ मीटर होतो, ७,००० फेऱ्यांना २१ मीटर. असा कॅम बसविला तरी लांब धावेचे हे एंजिन तेथवर फार काळ टिकणारे नाही. तिला माफक जादा उचल आणि मूळच्याच्या जवळपास राहणारा काळ देणारा कॅम मानवतो.

कॅम घासून घेण्याची स्वस्त पद्धत येथे विशेष तपासली पाहिजे. उचल म्हणजे उंचवटा व पायाचे वर्तुळ यांतील फरक. पायाची त्रिज्या १ मिलिमीटरने घासली की उंचवट्यास हात न लावता उचल तेवढी वाढते. हिशेब सुटसुटीत आहे. परंतु केवळ पृष्ठभाग कठीण केलेल्या पोलादी कॅममध्ये एवढ्या घासण्याने मऊ गाभा उघडा पडू शकतो. असा कॅम प्रथम उत्तम चालतो व मग भराभर झिजतो.

बसविण्यापूर्वी दट्ट्याच्या माथ्यावर मऊ मातीचा थर देऊन एंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. मग मातीवर झडपेचा ठसा उमटतो, आणि तेथील थराची जाडी म्हणजेच झडप व दट्ट्या यांतील अंतर होय. ते दीड-दोन मिलिमीटरहून कमी असू नये. गरम होऊन लांबणाऱ्या बाहेरच्या झडपेस थोडे अधिकच असावे. सपाट तळाचा जुना टॅपेट नव्या कॅमवर वापरू नये, कारण जुन्या कॅमची झीज त्याच्या तळावर उतरलेली असते. पहिली वीस मिनिटे एंजिन मंद फेऱ्यांवर न ठेवता मध्यम फेऱ्यांवर चालवावे. जेथे कॅमवर तेल उडूनच पोहोचते तेथे मंद फेऱ्यांत ते पुरेसे उडत नाही.

आणि ती फट. नवा कॅम थोडा खडखडतो. मालकास आवाज खपत नाही व कारागीर ‘टॅपेट टाइट’ करून देतो. आवाज जातो, पण तापलेली बाहेरची झडप लांबते आणि पूर्ण मिटू शकत नाही. एरवी बैठकीस टेकल्यावर ती आपली उष्णता सिलिंडरच्या डोक्यास देते. तो मार्गच तुटल्याने तिची कड जळते. कॅम बनविणाऱ्याने दिलेले फटीचे माप एंजिन थंड असताना पात्याने मोजूनच ठेवावे, आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा मोजावे.