सन सिटीचा शेजारधर्म

अ‍ॅरिझोनात फिनिक्स शहराबाहेरच्या कापसाच्या शेतांत डेल वेब या बिल्डरने पाच नमुना घरं, एक गोल्फ मैदान, एक करमणूक केंद्र आणि थोडी दुकानं उभी केली. 1 जानेवारी 1960 रोजी या सन सिटीची दारं उघडली आणि तीन दिवसांत लाखभर माणसं बघायला आली. निवृत्ती म्हणजे खाटेवर खोकत बसणं नव्हे, हा वेबचा खरा माल. तो हातोहात खपला.

नियम सोपा. घरात एक जण तरी पंचावन्नच्या पुढचा हवा आणि एकोणीसच्या आतलं कुणी कायम राहायचं नाही. नातवंडं पाहुणी. वंशावरून घर नाकारायला अमेरिकेत 1968 साली कायद्याने बंदी आली. वयावरून नाकारायची मुभा ज्येष्ठांच्या वसाहतींना आहे. तरी वस्ती आजही बहुतांश गोरी.

आतला शेजारधर्म मात्र खणखणीत. इथे नगरपालिका नाही. रस्त्याकडेची झाडं छाटायची, कचरा वेचायचा, गस्त घालायची, हे सगळं पेन्शनर मंडळी बिनपगारी करतात.

मग राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांचंच खरं म्हणायचं? सुमारे 30,000 अमेरिकनांच्या पाहणीवरून 2007 मध्ये त्यांनी लिहिलं, की वंशवैविध्य जास्त तिथे माणसं कासवासारखी अंग आखडून घेतात. परक्यांवरचाच नव्हे, आपल्यांवरचाही विश्वास घटतो. मात्र कालांतराने ‘आपण’ची व्याख्या रुंदावते, हेही त्यांनीच सांगितलं. ते लोक सोयीने विसरतात. 2015 मध्ये मारिया अबास्कल आणि डेलिया बाल्डासारी यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. अविश्वासाचं मूळ त्यांना वैविध्यापेक्षा गरिबी आणि विषमतेत जास्त दिसलं.

मला हे दुसरं पटतं. सन सिटीत रंगाबरोबर वय, पेन्शन आणि रिकामा वेळही सारखाच आहे. त्यातलं एकट्या रंगाला श्रेय कसं द्यायचं? शिवाय भरवसा मोजायचा तर तो कुठे संपतो, तेही बघावं लागतं. शेजारच्या पिओरियातल्या मुलांच्या शाळा बांधायला कर्जरोखे काढायचे प्रस्ताव मतदानाला आले, तेव्हा रात्री गस्त घालणाऱ्या याच मंडळींनी ते एकामागून एक पाडले. अखेर सन सिटी त्या शाळा-मंडळाच्या हद्दीतूनच वगळली गेली.