सज्जा आणि बाह्य भिंतींची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वीच आवश्यक

मुंबईत नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. घराचा सज्जा, अर्थात बाल्कनी, आणि बाह्य भिंती यांची दुरुस्ती मात्र त्यापूर्वीच पूर्ण व्हावी लागते, कारण ओल्या भिंतीवर जलरोधक लेप नीट धरत नाही.

कोकण किनाऱ्यावर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यासोबत पाऊस तिरपा कोसळतो. त्यामुळे पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशेच्या भिंतींना त्याचा सर्वाधिक मारा सोसावा लागतो. गिलाव्यातील केसाएवढ्या भेगांतून पाणी आत शिरते आणि खोलीतील रंगाचे पोपडे निघू लागतात. आतून पुन्हा रंग दिल्यास डाग झाकला जातो. पाण्याची वाट बंद होत नाही. बाहेरील भेगा आणि खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी भरून मगच रंग देणे योग्य ठरते.

सज्ज्याबाबत धोका अधिक गंभीर आहे. फरशीला निचऱ्याच्या नळीकडे उतार नसल्यास पाणी साचते, सांध्यांतून झिरपते आणि स्लॅबमधील लोखंडी सळ्यांना गंज चढतो. गंजलेली सळई फुगते व काँक्रीट फोडते. स्लॅबच्या खालच्या बाजूस तपकिरी डाग किंवा तडे दिसू लागल्यास केवळ गिलावा करून भागत नाही. संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी.

सज्ज्याच्या खालच्या कडेलगत कोरलेली बारीक खाच पाणी तेथेच ठिबकवते, भिंतीकडे वाहू देत नाही. रंगकाम करताना नेमकी हीच खाच बुजवली जाते. निचऱ्याच्या तोंडावर ठेवलेली कुंडीही पाणी तुंबवते, हे अनेकदा लक्षात येत नाही.