विणकऱ्यांची श्रेणी आणि नाशिकचे लेणे

इटलीतील फ्लॉरेन्स नगरात ओर्सान्मिकेले नावाचे एक चर्च आहे. मुळात ती धान्यबाजाराची इमारत, इ. स. १३३७ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले व पुढे तेथेच उपासनामंदिर झाले. नगरातील निरनिराळ्या व्यवसायसंघांनी तिच्या बाहेरच्या भिंतींतील कोनाडे वाटून घेतले आणि आपापल्या रक्षक संतांच्या मूर्ती तेथे बसविल्या. चिलखते बनविणाऱ्यांच्या संघाने संत जॉर्जची मूर्ती दोनातेल्लो या थोर शिल्पकाराकडून घडवून घेतली.

धर्म, धंदा व कला यांचा असा संगम आपल्या देशात त्याहून कितीतरी प्राचीन आहे. अशा संघांस आपल्याकडे 'श्रेणी' म्हणत. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख जुन्नरच्या लेण्यांत आढळतो.

नाशिकजवळील त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांस लोक पांडवलेणी म्हणतात. वस्तुतः ती बौद्ध भिक्षूंचे विहार व चैत्य होत. त्यांपैकी दहावे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने संघास अर्पण केले. ओवरीतील स्तंभांची शीर्षे घंटाकृती असून त्यांवर पशूंच्या जोड्या कोरलेल्या आहेत. परंतु आम्हांस या शिल्पाइतकाच तेथील शिलालेख मोलाचा वाटतो.

उषवदाताने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकऱ्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एकीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. २००० वर वर्षाचे व्याज २४० होते. आणि वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत, असे लेख सांगतो. हिशेब तंतोतंत जुळतो! हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला होता.

राजाच्या जावयाने आपले धन विणकऱ्यांच्या हाती का सोपवावे? आम्हांस वाटते की, माणूस मरतो, राज्ये बदलतात. पण बापामागून मुलगा मागावर बसतो आणि श्रेणी टिकून राहते. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नामक उपासिकेनेही आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशीच ठेव ठेवली. ती घेणाऱ्यांत तेल्यांची श्रेणी होती. म्हणजे कसबी माणसाचा शब्द ही त्या काळी मोठी पत होती.

लेखात दात्याचे नाव आहे, विणकऱ्यांपैकी एकाचेही नाही. आपल्या हैदराबादेजवळ पोचमपल्लीस आजही सूत बांधून, रंगवून सुंदर वस्त्रे विणली जातात. ती अंगावर घेताना विणणाऱ्याचे नाव आपण कधी विचारतो काय?